मुकुंदरावांची राहिलेली शपथ

सामान्य माणसाच्या शब्दाला किंमत नसते, म्हणून त्याला शपथ घालतात. साहेबाच्या शब्दाला किंमत असतेच, म्हणून त्याची शपथ राहून गेली तरी चालतं. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत हे तत्त्व औरंगाबादेत सिद्ध झालं. त्यापायी पडेगावच्या बद्रीनाथला तीन महिने तुरुंगात बसावं लागलं. पण तत्त्व म्हटलं की एवढं व्हायचंच.

निजामाचे अंमलदार गेले होते आणि नव्यांची भरती घाईनं चालली होती. त्या घाईत छावणीत राहणारे मुकुंदराव विशेष मॅजिस्ट्रेट झाले. दौलताबाद रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांनी बद्रीनाथचा गोठा पाडायचा हुकूम दिला. (रस्ता गोठ्यापासून बराच लांबून जाणार होता, पण उद्या रस्त्याचं मन बदललं तर?) बद्रीनाथ कुदळीपुढं आडवा उभा राहिला. सरकारी कामात अडथळा, म्हणून मुकुंदरावांनीच त्याला तीन महिने ठोकले.

बद्रीनाथची बायको चतुराबाई मुकुंदरावांच्याच घरी दूध घालायची. नवरा आत गेल्यावरही तिनं रतीब मोडला नाही. (म्हशीला निकाल कळवलेला नव्हता.) एका सकाळी मुकुंदरावांच्या पत्नी पद्मजाबाई गालाला हात लावून दारात आल्या.

"दाढ ठणकतेय गं. आमच्या घराला दाढांचाच शाप. शपथेच्या दिवशी तर ह्यांचाच गाल एवढा सुजला, की तोंडच उघडेना. वरचे साहेब म्हणाले, नंतर घ्या. ते 'नंतर' काही आलंच नाही."

चतुराबाईच्या हातातलं माप तसंच राहिलं. "म्हंजी साहेबांनी शपथच घेतली नाय?"

"नाही. पण सही बघ किती झोकदार करतात!"

चतुराबाई तडक श्रीधरपंत वकिलांकडं गेली. पंतांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. शपथ नाही, म्हणजे मॅजिस्ट्रेट नाही. मॅजिस्ट्रेट नाही, म्हणजे शिक्षा नाही. शिक्षा नाही, म्हणजे बद्रीनाथ मोकळा. अपील दाखल झालं. घरी येऊन चतुराबाईनं नवऱ्याचं धोतर धुऊन वाळत घातलं.

सुनावणीला सरकारी वकील शांतपणे उठले. मुकुंदराव मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसले, लोकांनी त्यांना सलाम केले. ज्याला सलाम होतो तो मॅजिस्ट्रेट. त्यांचे हुकूम रद्द केले तर शिक्षा झालेले सगळे निर्दोष ठरतील आणि सुटलेले सगळे पुन्हा आरोपी होतील. (दुसरं भय तितकंसं नव्हतं. मुकुंदरावांकडून अजून कुणी सुटलंच नव्हतं.) शिवाय, ज्यानं न्यायानं वागायची शपथच घेतलेली नाही, त्यानं शपथ मोडली असं कोण म्हणणार? असा निष्कलंक अधिकारी साऱ्या जिल्ह्यात हा एकच.

मग सुजलेल्या गालाची साक्ष द्यायला चतुराबाई उभी राहिली आणि थेट बोलू लागली. शिरस्तेदारानं तिला अडवलं.

"आधी शपथ घ्या, बाई. शपथेबिगर बोललेलं इथं चालत नाही."

"अन् साहेबांचं चाललं, ते?"

न्यायाधीश सबुरीनं म्हणाले, "बाई, त्यांनी नुसती शिक्षा दिली. तुम्ही साक्ष देताय."

निकाल लागला. शपथ राहिली ही बाब खेदजनक, पण जनतेच्या हितासाठी मुकुंदरावांचे सर्व हुकूम वैध. या जनतेत बद्रीनाथ येत नाही, हे निराळं लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

पायऱ्या उतरताना चतुराबाईनं विचारलं, "वकीलसाहेब, त्यांनी शपथ घेतली असती, तर माझा गोठा ऱ्हायला असता का?"

पंतांनी मान हलवली. "नाही."

"मंग घेत्यात कशाला?"

"फोटो निघतो," पंत म्हणाले.

मुकुंदरावांनी दाढ काढून घेतली आणि थाटामाटात शपथ घेतली. पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीतून त्यांनी गोठ्याशेजारची न्हाणीही पाडायला सांगितली.

बद्रीनाथ पुरी शिक्षा भोगून घरी आला. उघड्यावर बांधलेल्या म्हशीच्या पाठीवरून त्यानं बराच वेळ हात फिरवला. रस्ता अजून आला नव्हता.

तेव्हा वाचकहो, आपल्या जन्माच्या दाखल्यावर सही करणाऱ्यानं शपथ घेतली होती का, असली शंका काढू नका. दाखला वैध आहे, तुम्हीही वैध आहात. पण शपथेनं बांधलेलं कुणीतरी राज्यात लागतंच, म्हणून त्याचीही सोय लहानपणीच करून ठेवली आहे. शाळेच्या मैदानात, रणरणत्या उन्हात, हात पुढं करून रोज प्रतिज्ञा घेतली होती ती तुम्ही. साहेब मंडळी तेव्हा सावलीत बसली होती.