चार लाद्या बर्फ

रविवारी सकाळी दहा वाजता रामकिसनच्या दारात बर्फाच्या चार लाद्या उतरल्या, आणि त्या कशासाठी आणल्या हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चितेगावच्या कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या चौपन्न वर्षांच्या माणसाने, मला बर्फावर होडी पळवायची आहे, असं गल्लीत कोणत्या तोंडाने सांगायचं?

रामकिसनला होड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनवायचा नाद होता. आता ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे होडी सोडणार कशात? एकदा त्याने घरच्या टाकीत एक गलबत सोडलं. त्याचा निळा रंग पाण्यात उतरला आणि त्याच्या बायकोने, विशाखाने, पुढचे आठ दिवस त्याला खांद्यावरून पाण्याचे जार आणायला लावले. तेव्हा रामकिसनने पाणीच न लागणारी होडी शोधून काढली. थंड मुलखात तळी गोठली की त्यांच्यावर पळवतात ती. खाली तीन पोलादी पाती, वर शीड, आणि वारा आला की सुटते. तिची हातभर लांबीची प्रतिकृती त्याने चौदा महिने खपून तयार केली. पाती करवतीच्या पात्याची, आणि शिडाला शहागंजातल्या फारूखच्या दुकानातलं अस्तराचं कापड.

घरात तिला होडी म्हणणारं कुणी नव्हतं. त्याची सत्त्याऐंशी वर्षांची आई वच्छलाबाई तिला तिफण म्हणायची. मध्ये दांडा आणि खाली तीन फण, म्हणजे पेरणीची तिफण, यात तिला काही शंकाच नव्हती. रामकिसनने समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्याची सगळी आशा इंटरनेटवरच्या एका परदेशी मंडळावर होती. जगभरचे होड्या बनवणारे त्यात होते आणि त्यांचा नियम कडक होता. होडी खऱ्या बर्फावर सलग दहा सेकंद पळताना दिसली पाहिजे. तसा व्हिडिओ रविवारी दुपारी बारापर्यंत आला नाही, तर ती ‘शोभेच्या वस्तू’ या यादीत जाणार. चौदा महिन्यांची मेहनत, आणि शेवटी शोभेची वस्तू. नुसत्या विचाराने रामकिसनला जेवण जात नव्हतं.

म्हणून फारूखने ओळखीच्या कारखान्यातून लाद्या पाठवल्या. घराच्या बाजूला वीस फूट लांब बोळ होता, सावलीचा. तिथे त्या एकापुढे एक मांडायच्या होत्या. बोळाच्या तोंडाशी वच्छलाबाईची खुर्ची असे. सात ते बारा ती तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करी. त्या दिवशी रामकिसनने खुर्ची उचलली आणि आईला आतल्या खोलीत कूलरपुढे झोपवलं.

समोरच्या कडूबाईने आधी बर्फ पाहिला आणि मग खुर्चीची रिकामी जागा पाहिली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरी बर्फाच्या लाद्या दोनच कारणांनी येतात. एक म्हणजे लग्न, आणि रामकिसनच्या दारात मांडव नव्हता.

कडूबाई हळूच फाटकाशी आली. "रामकिसन, काय झालं रं बाबा?"

"काय नाय काकू. घरचंच काम हाय."

"आन् वच्छलाक्का?"

"आत हाय. निजली." एवढं बोलून रामकिसनने मान खाली घातली, कारण दोन लाद्यांमध्ये बोटभर फट राहत होती आणि तिचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

कडूबाईने पदर डोळ्यांना लावला. "एकट्यानं नको करू रं सगळं," ती म्हणाली आणि घरी गेली. घरी जाऊन तिने पहिला फोन देवगाव रंगारीला केला, रामकिसनच्या बहिणीला.

रामकिसनने बर्फ किसून फटी बुजवल्या. त्यात तासभर गेला. एका टोकाला टेबलफॅन लावला, मोबाईल विटांवर टेकवला आणि होडी सोडली. शीड फडफडलं, होडी तीन सेकंद पळाली आणि दुसऱ्या लादीच्या सांध्यात अडकली. त्याने सांधा पुन्हा घासला. या खेपेला ती सहा सेकंद पळाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची एखादी होडी खरोखर चालली होती, आणि त्याचे डोळे भरून आले. अकरा चाळीस झाले होते. अजून एक खेप झाली असती तर जमलंच असतं.

तेवढ्यात फाटकातून गल्ली आत आली. कुणाच्या हातात हार होता, कुणी बांबू आणले होते. रामकिसनचे भरलेले डोळे पाहून सगळ्यांची खात्रीच पटली.

"भाऊ, बरफ बोळात कशाला ठिवला? आत घ्या रे," एकजण म्हणाला. चौघांनी पोत्यात धरून पहिली लादी उचलली. होडी कुणीतरी अदबीने बाजूला भिंतीवर ठेवली.

"थांबा," रामकिसन म्हणाला. "अहो, तो बर्फ माझा हाय."

"तुमचाच हाय. तुम्ही बसा. त्यांना पाणी द्या रे."

दोघांनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं. आयुष्यात इतक्या मायेने त्याच्याशी कुणी वागलं नव्हतं, आणि ती माया त्याची होडी बुडवत होती. दुसरी लादी गेली, तिसरीही गेली. इतक्यात दारात जीप थांबली आणि त्याची बहीण द्वारकाबाई हंबरडा फोडतच उतरली. "आई गं, चार दिस थांबली असती तर माझ्या कैऱ्यांचं लोणचं खाऊन गेली असती गं."

त्या आवाजाने वच्छलाबाई जागी झाली. काठी टेकत ती बाहेर आली, बांबू पाहिले, हार पाहिला.

"कोण गेलं रं?" तिने विचारलं.

द्वारकाबाई रडायची थांबली आणि उचक्या देऊ लागली. ज्याच्या हातात हार होता त्याने तो पाठीमागे लपवला. वच्छलाबाईने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"अस्सं," ती म्हणाली. "माझ्या मातीला थोरला जावई आला नाय वाटतं."

मग माणसं हसायला लागली, दोष एकमेकांवर ढकलायला लागली. एवढ्या उन्हात आलेल्या साठ माणसांना तसंच कसं पाठवायचं? विशाखाने पातेलं काढलं. बातमी ऐकून शहागंजातून धावत आलेला फारूख म्हणाला, "भाभी, खानेका बरफ है, मैंने अच्छावाला भेजा. सरबत करा, सगळ्यांना पुरंल." रामकिसन ओट्यावर बसून बघत होता. वरवंट्याने चौथी लादी फुटली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती.

सगळे गेल्यावर वच्छलाबाईची खुर्ची बोळात परत आली. रामकिसन तिच्या पायाशी ओल्या फरशीवर बसला होता, मांडीवर होडी घेऊन. आता ती शोभेची वस्तू होती आणि त्याला मनातून अगदी मेल्यासारखं झालं होतं.

"किती पळाली?" वच्छलाबाईने विचारलं.

"सहा."

"आन् पायजे किती?"

"धा."

तिने सरबताचा घोट घेतला. "खरी येळ येईल तवा घरात बरफ येईलच का नाय?"

"आई, कायबी बोलू नको."

"येईल का नाय, तेवढं सांग."

"येईल."

"मंग त्याच्यावर मला ठिवायच्या आदी तुझी तिफण पळवून घे धा सेकंद. द्वारकीला म्हणावं, जरा दम धर, मंग रड."

रामकिसनला फार वाईट वाटलं. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मनात आलं की हॉलमध्ये पंख्याला जागा कुठे होईल. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने मान खाली घातली.

"पंखा मागून नको लावू," वच्छलाबाई म्हणाली. "आडवा लाव. मागून लावला की कापड नुस्तं फडफडतं. म्हैनाभर घरात फरशीवर पळवायला बघत होतास, तवाच दिसलं मला. जल्म गेला माझा धान्य उपणण्यात, वारं कळतं मला."

रामकिसनने मान वर केली. "मंग आधी का नाय सांगितलं?"

"तू कुणाला कव्हा इचारतोस," वच्छलाबाई म्हणाली आणि ग्लासातला बर्फ चघळू लागली.