दाहांक आजवर चुकलेला नाही

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पोटात गाठ निघाली. ती कॅन्सरची होती आणि वेळेत काढली तर काका वाचण्यासारखे होते. पण इतक्या सरळ कामाला रुग्णालयात एकदम हात लावत नाहीत. आधी ‘दाहांक’ काढतात. रक्तात सुजेच्या खुणा किती, हे मोजून रोग्याचं पुढे काय होणार ते हा आकडा आधीच सांगून टाकतो. आकडा चांगला आला तरच ऑपरेशनची तारीख. काकांचा वाईट आला.

“डॉक्टर, माझी दाढ सुजली आहे,” काका गाल धरून म्हणाले. “तिच्यामुळे तर नसेल?”

“असू शकतं,” मोठे डॉक्टर सज्जनपणे म्हणाले. “पण दाढ आमच्या विभागात येत नाही. आकडा येतो.”

“आणि आकडाच चुकला असेल तर?”

“आजवर चुकलेला नाही. वाईट आकडा असलेल्यांना आम्ही तारीख देत नाही, आणि त्यांच्यातला एकही बरा झालेला नाही. आणखी काय पुरावा हवा?”

काकू काकांना घेऊन तडक दातांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी खुर्ची कलती केली, तोंडावर दिवा ओढला आणि कॅन्सर म्हटल्याबरोबर तो बंद केला.

“दाहांक उतरल्याचं पत्र आणा, लगेच काढतो.”

“अहो, दाढ निघाल्याशिवाय तो उतरेल कसा?”

“ते तिकडे विचारा.”

मग काकूंच्या धाकट्या भावाने सूत्रं हाती घेतली. चिडल्याने सूज वाढते, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. त्याने घरात वाद घालायला बंदी केली, मग हसायला, मग दाराची घंटाही काढून ठेवली. रोगापेक्षा इलाज भयंकर. सगळी मंडळी इतकी हळू बोलू लागली, की काकांना आपण आधीच गेलो की काय असं वाटायला लागलं. पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला.

“भावोजी मनातल्या मनात चिडत असणार,” मेहुण्याने निदान केलं.

काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. असल्या आकड्यापायी नवरा हातचा जाणार, हे त्यांना दिसत होतं. मग डोळे पुसून त्यांनी काकांना चपला घालायला लावल्या, लांबचा एक दवाखाना गाठला आणि ठणकावून सांगितलं, “यांना काहीही झालेलं नाही. दाढ तेवढी काढा.”

दाढ निघाली. आकडा उतरला. तारीख मिळाली. रोग्यात सुधारणा होणार हे दाहांकाने अचूक ओळखलं, अशी रुग्णालयाने नोंद केली.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

“ताई, आकडा किती?”

“अरे, शुद्धीवर आलेत. चष्मा मागतायत!”

“ते बरं झालं गं. पण आकडा?”

काकूंनी फोन ठेवला. तुम्ही मात्र मेहुण्याला हसू नका. दाढ काढल्यावर आकडा नेमका कितीवर आला, ते मी सांगितलं नाही म्हणून मघापासून तुमचीही चुळबूळ चालली आहे. काकूंनी सकाळपासून काही खाल्लं का, हे तुम्हीही विचारलेलं नाही.