नव्या बाथरूममधलं खाकरणं

नवी बाथरूम आपण स्वतः बसवणार, प्लंबरला दारातसुद्धा उभं करणार नाही, असं बाळ्याने जाहीर केलं. बाळ्याला टक्कल पडू लागलं होतं, ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं होती, पण घरात तो बाळ्याच राहिला होता. बाबा हयात असताना तो बल्ब बदलायला नुसता स्टुलावर चढला, तरी मागून दोनदा तुटक खाकरल्याचा आवाज यायचा आणि तो निमूट खाली उतरायचा.

बाबा बोलायचे कमी, खाकरायचे जास्त. एक लांब खाकरणं म्हणजे आलो, किंवा बरं. दोन तुटक म्हणजे नाही. सगळं घर एवढ्यावर सुरळीत चालायचं. ते गेल्यापासून मात्र आई गप्पच झाली होती. काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून राहायची.

एका सुट्टीत बाळ्याने बाबांच्या वेळचं डागाळलेलं बेसिन, कुरकुरणारी फ्लशची टाकी, सगळं उखडून काढलं. व्हिडिओ बघून बघून नवं कमोड बसवलं, बेसिन लावलं, शॉवर टांगला. टाकीचा पाइप एका पातळ फळीमागे दडवून टाकला. मग श्वास रोखून पाणी सोडलं. टाकी भरली, कुठे थेंब गळला नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्याच्या बायकोनेही जमलं बुवा तुला, असं म्हणून टाकलं.

बाळ्या ऐटीत टेबलावर पाय पसरून बसला. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. घरातला एकही नळ चालू नव्हता. आणि बंद दाराआडून एक लांब खाकरणं ऐकू आलं.

बाळ्याचे पाय आपोआप खाली आले. स्वयंपाकघरात आईने चहाचं आधण ठेवलं. मग आपण काय केलं हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. बाळ्याने दार ढकलून पाहिलं. पांढऱ्या फरश्या, स्वच्छ आरसा, आरशात त्याचाच पडलेला चेहरा.

त्यानंतर ते केव्हाही यायचं. बाळ्या शॉवरखाली शीळ घालत होता, तर कानाजवळच्या फळीमागून दोनदा तुटक आलं. तो अंगावरच्या साबणासकट बाहेर पळाला. स्वतः बांधलेल्या बाथरूममध्ये तो आता पाहुण्यासारखा अंग चोरून जाऊ लागला. आईचं उलटंच. तिने खुर्ची उचलून बाथरूमच्या दाराशी आणली आणि दाराशी बोलायला लागली. शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, दूधवाल्याशी झालेली तणातणी, काही म्हणून सुटत नव्हतं. मधूनमधून आतून उत्तर यायचं, आणि ते बहुतेक वेळा बरोबर जागी यायचं.

शेवटी बायकोने टाकीत निळ्या शाईचे थेंब टाकले आणि कोणीही फ्लश करायचा नाही असं बजावलं. हळूहळू कमोडमधलं पाणी निळसर झालं. टाकीचा वॉशर नीट बसलेला नाही, पाणी झिरपतं, पातळी उतरली की टाकी आपोआप भरायला लागते आणि न बांधलेला पाइप फळीवर थरथरतो, असं तिने शांतपणे समजावलं. बाळ्याला हायसंही वाटलं आणि अपमानही. त्याने वॉशर बदलला, पाइपाला क्लॅम्प ठोकले. आवाज थांबला.

संध्याकाळी आई दाराशी बसून काहीतरी सांगत होती. सांगता सांगता ती थांबली, तिने वाट पाहिली, थोडं पुढे सांगून परत थांबली. दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीपाशी गेली. जेवताना ताटाकडे बघतच ती म्हणाली, "माझं काही चुकलं का रे?"

बाळ्याने त्याच दुपारी क्लॅम्प काढले. जुना वॉशर शोधून परत लावला, सैल केला, आवळला, तिरका केला. पाइप उचक्या देऊ लागला, मग खिंकाळला, एकदा चक्क शिंकला. बाहेरून आईने घाबऱ्या आवाजात विचारलं, आत कोण परकं आलंय?

"तेव्हा तू नक्की काय केलं होतंस ते आठव ना," टॉर्च धरून बायको कुजबुजली.

"आठवण्यासारखं केलं असतं तर चुकलं असतं का?"

सोमवारी बायको शाळेत गेली. बाळ्याने सगळं पुन्हा पक्कं आवळलं, दारातून "येतो गं" अशी हाक दिली आणि चपला हातात घेऊन चोरपावलांनी बाथरूममध्ये शिरला. कमोडच्या झाकणावर बसला. डोळे मिटले आणि एकदा लांब खाकरला.

आवाज इतका हुबेहूब निघाला की त्याच्याच अंगावर काटा आला.

बाहेर खुर्ची सरकली. "अहो," आई हळू आवाजात म्हणाली, "बाळ्याने बघा केवढी छान केलीय बाथरूम. आता तरी त्याला एकदा बरं म्हणा."

एक लांब खाकरणं, बस. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आता त्याच्याच घशात तयार होतं. तो ताठ बसला, छाती भरून श्वास घेतला, डोळे उघडले, आणि समोर बेसिन दिसलं.

त्याच्या तोंडून दोनदा तुटक निघालं.

बाहेर आई खुदकन हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

बाळ्या मान कलती करून बराच वेळ बघत राहिला. बेसिन खरंच जरा तिरकं बसलं होतं.