गफूरमिस्त्रींच्या दोन्ही बाजू

तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावर आला, तेव्हा इंजिनाला आता जरा बरं वाटू लागलं असेल असं समजून मी औंढ्याहून हिंगोलीकडे गाडी तशीच दामटली. दोन कोस उरले असताना इंजिन किंचाळलं आणि जाम झालं.

गाडी म्हणजे डोंगरकडा गावच्या एका देशमुखानं शौकानं आणलेली लाल, उघडी, दोघांपुरती रेसची मोटार. त्याचा शौक फिटला तेव्हा माझा सुरू झाला. बैल जुंपून ती गफूरमिस्त्रींच्या अंगणात आणली. कासरा सोडता सोडता बैलवाला म्हणाला, "वकीलसाब, ही पळते म्हनत होते ना तुमी?"

गफूरमिस्त्री कापसाच्या जिनाचं इंजिन, विहिरीवरचे पंप, असं धडधडणारं सगळं बघत. लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते दुखणं ओळखत. माझं इंजिन तर मेलेलं होतं. तरी त्यांनी बराच वेळ दांडा लावून ऐकलं आणि म्हणाले, "रुसलंय."

मग त्यांनी मला पाटावर बसवलं. "दोन रस्ते हायत. हेच खोलून बेरिंगं नवी ओतायची, रिंगा बदलायच्या. न्हाई तर हे काढून फेकायचं अन् मोडीतल्या सर्विसमोटारीचं बसवायचं. बोला."

"हेच दुरुस्त करा."

"बराबर. पन काहून?" त्यांनी माझ्या हातात एक तेलकट पिस्टन दिला. "ठिगळ ते ठिगळच. सर्विसचं इंजिन तीस मानसं ओढत होतं. तुमाला दोघांना न्हाई ओढनार?"

मला पटलं. "मग ते बसवा."

"बराबर. पन काहून? ते दांडगं हाय. पुढं वजन वाढलं की वळनावर गाडी नाक घासनार. अन् चेसिस कापावी लागंल. आपल्या लेकराचं काळीज काढून कोनी रेड्याचं बसवतं का?"

कोर्टात मला एक बाजू धड मांडता येत नसे. इथे मिस्त्री दोन्ही मांडत आणि दोन्हीकडून मीच हरे. रोज कोर्टातून निघालो की त्यांच्या अंगणात. चहा यायचा. मी "दुरुस्त" म्हणालो की ते "बदला" म्हणत आणि मी "बदला" म्हणालो की त्यांना इंजिनाची दया येई. घरी जाईपर्यंत शेरवानीला काळे डाग आणि डोक्यात धूर.

महाशिवरात्रीला गाडीतून नागनाथाला नेईन, असं मी बायकोला कबूल केलं होतं.

"काय ठरलं?" ती विचारी.

"दुरुस्त करायचं. म्हणजे, बदलायचं. तसं बघितलं तर दोन्ही बराबर आहे."

महाशिवरात्रीला ती शेजारणीच्या बैलगाडीतून गेली.

आता मात्र मला मिस्त्रींचा राग आला. दुसऱ्या दिवशी कोर्टात न जाता मी भर दुपारी मिस्त्रींकडे गेलो. ते कुणाच्या पंपासाठी हट्टा गावाला गेले होते. ओसरीत त्यांची बहीण ज्वारी पाखडत होती. तिला सगळा मोहल्ला आपा म्हणे. मी तरातरा जाऊन गाडीवरचं पोतं ओढलं, बोनेट उघडलं. आत माझंच जुनं इंजिन, पुसून लख्ख, जागच्या जागी बसवलेलं.

"आपा, हे कधी झालं?"

"संक्रांतीच्या आधीच की," सूप न थांबवता ती म्हणाली. "रोज सकाळी चालू करतेत, दांडा लावून ऐकतेत, अन् पोतं टाकून देतेत."

"मग मला सांगितलं काहून नाही? रोज तर वाद घालतात माझ्याशी."

"पोरं हैदराबादेत गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला हाय कोन? मी तर दुसऱ्या शब्दालाच गप बसा म्हनते. तुमी गाडी घेऊन गेलात की तेबी संपलं. रोज संध्याकाळी पाट झटकून, रस्त्याकडं बघत बसतेत."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. उलट छाती थोडी फुगलीच. मी बोनेट मिटून पोतं हळूच पुन्हा गाडीवर टाकलं.

"म्हणजे आपा, माझी सोबत इतकी आवडते त्यांना."

आपानं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आवडायचं काय त्यात, वकीलसाब? बाकीच्या लोकांना कामधंदा हाय."