कमलच्या प्रबंधाला मी चढवलेला साज

सौंसर तालुक्यात माझ्यासारखं मराठी कोणाला लिहिता येत नाही, हे मी नाही म्हणत, लोकच म्हणायचे! म्हणजे १९८४ सालापर्यंत म्हणायचे.

शाळेत मी मराठी शिकवायचो, पण खरा लौकिक मानपत्रांचा. पटवारी निवृत्त होवो, लोधीखेड्याचा पोस्टमास्तर बदलून जावो, मानपत्र रघुनाथरावांचंच! मानपत्राचा नियम एकच. उणं लिहायचं नाही. ज्या साहेबाच्या नावानं गावानं वर्षभर बोटं मोडली, तोसुद्धा माझं मानपत्र ऐकून डोळे पुसायचा.

तर नागपूरला एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या पोरांच्या प्रबंधांवर 'भाषा सुधारा' असे शेरे येतात, हे कानावर आलं आणि मी भर बसस्टँडवर जाहीर केलं, "आणा माझ्याकडे! शास्त्र असो की अर्थशास्त्र, भाषा ती भाषाच!"

तिघं आले. विजयचा विषय संत्र्यावरची कोळशीची कीड, मधुकरचा कापसाचा बाजार आणि कमलचा संत्री तोडणाऱ्या मजूर बाया. कमलची आई कलाबाई स्वतः तोडाईला जायची. त्या घरातून कॉलेजात गेलेली कमल पहिलीच. प्रबंध पास झाला तर नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिला मिळणार होती.

"सर, फक्त वाक्यं पाहून द्या," ती म्हणाली. "आकडे मी तीनदा तपासले."

आकडे! पानोपानी आकडे! 'अडतीस बायांपैकी एकतीस जणींना कंबरदुखी.' 'ठेकेदार बागेत प्यायचं पाणी ठेवत नाही.' असं कुठं लिहितात का? चारचौघांत बरं दिसतं का ते? मी बाह्या सरसावल्या. अडतीसच्या 'असंख्य भगिनी' केल्या. कंबरदुखीचा 'श्रमाचा अलंकार' झाला. आणि ठेकेदार समोर येताच हाताला सवयच ती, तो 'मजुरांचा कल्पवृक्ष' होऊन बसला! मुदत संपत आली म्हणून मीच नागपूरला जाऊन प्रबंध टाइप करून, बांधून आणला. वर सोनेरी अक्षरं!

"एकदा वाचू का सर?"

"मी वाचलाय ना! आजची शेवटची तारीख आहे, पळ, जमा कर!"

दहा दिवसांनी विजय धापा टाकत आला. "सर, घोटाळा झाला! आमच्या सरांनी प्रबंध वापस केला. विचारून राहिले, या किडीवर फवारा माराचा का तिला हार घालाचा?"

"असं काय लिहिलंय मी?"

त्यानं वाचून दाखवलं. "'पानापानात रमलेल्या या चिमुकल्या जिवाची चिकाटी अनुकरणीय आहे.'"

मला तर वाक्य आवडलं. "तुझे सर अरसिक आहेत!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मधुकर. "तुमी माये सारे तक्ते काऊन काढले सर?"

"तक्त्यात रस नसतो रे!"

"मार्क असतात सर!"

तेव्हा कुठं मला कमलची आठवण झाली. या दोघांचे प्रबंध निदान परत तरी आले होते. कमलचा परीक्षकांपर्यंत पोचला होता आणि तिची तोंडी परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती!

सकाळच्या बसनं मी तिच्यासोबत निघालो. धीर द्यायला, असं तिला सांगितलं. तिनं तिची प्रत उघडली. इतके दिवस ती फडक्यात गुंडाळून जपून ठेवली होती पोरीनं. सावनेर येईपर्यंत ती वाचत होती. मग मान वर न करता म्हणाली, "सर, माया बाया कुठं गेल्या यातल्या?"

मी खिडकीचे गज मोजत बसलो.

परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी बाहेर बाकावर. परीक्षक प्रेमलताबाई अमरावतीहून आलेल्या, आवाज खणखणीत. "पान सतरा. ठेकेदार म्हणजे कल्पवृक्ष! अहो, तुम्ही बागेत पाय तरी ठेवलाय का?"

मग कमलचा आवाज आला. "बाई, माई मायच तोडाईला जाते. अडतीस बायांना मी सोता विचारलं. एकतीस जणींची कंबर दुखून राहिली. प्याच्या पाण्यासाठी मैलभर जा लागते." अर्धा तास ती बोलत होती, आणि एकही आकडा चुकली नाही.

"मग हे लिहिलं का नाही?" बाईंनी विचारलं.

कमलनं दाराकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. आत जाऊन 'हा माझा प्रताप' एवढंच तर म्हणायचं होतं! पण मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. अंगठा चांगला शाबूत होता.

"मले लिहिता येत नाही, बाई," कमल म्हणाली.

"येत नाही तर शिका! महिनाभर मुदत देते, पुन्हा लिहून आणा. आणि गावात मराठीचे कोणी चांगले शिक्षक असतील, तर त्यांना दाखवा!"

"हो बाई," कमल म्हणाली. मी बाकावर इतका लहान झालो की झाडूवाल्यानं मला पाय वर घ्या म्हणूनसुद्धा सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी कसाबसा म्हणालो, "कमल, चुकलं माझं. उद्यापासून आपण दोघं बसून..."

"नको सर," ती शांतपणे म्हणाली. "माया प्रबंध मीच लिहीन."

तिनं लिहिला, पास झाली, जागाही मिळाली. पेढे सगळ्या गावाला मिळाले, मलासुद्धा! लाज सोडून मी तिच्या घरी गेलो आणि नवा प्रबंध वाचायला मागितला. कलाबाईंनी पाट दिला, चहा दिला, प्रबंधही आणला. पण हातात काही देईनात.

"वाचा ना गुरुजी," त्या म्हणाल्या. "पण पयले खिशातला तो पेन इकडं द्या."

मी दिला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. साधं, सरळ, खरं. एक शब्दसुद्धा बदलावासा वाटला नाही.

खोटं कशाला बोलू? तीन ठिकाणी हात शिवशिवला! पण पेन कलाबाईंच्या कनवटीला होता.