खंडेनवमीला उघडलेला डॅशबोर्ड

गाडीचा स्टिरिओ बदलणं हे अगदी सोपं काम आहे. त्यासाठी मेकॅनिककडे धावतात ती भित्री माणसं! मी स्वतः गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. खरेदी विभागात असलो म्हणून काय झालं? हलवायाच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्यालाही जिलबी कळतेच की!

तसा स्टिरिओ बदलायची निकड होती. गाडी माझ्या सासऱ्यांची. उमाकांतराव, सांगलीचे निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. जन्मभर लोकांच्या गाड्यांत खोट काढली आणि निवृत्तीनंतर ती सगळी नजर जावयाकडे वळवली! आम्ही चेन्नईला आलो तेव्हा किल्ली हातात देताना ते म्हणाले होते, "गाडी वापरायला देतोय. डॅशबोर्डवर एक ओरखडा दिसला, तर त्याच दिवशी सांगलीला परत नेणार." लग्नापासून ते माझ्याशी सलग इतकं कधीच बोलले नव्हते.

आता ते आणि सासूबाई रामेश्वर करून संध्याकाळी जवळच्या तांबरम स्टेशनवर उतरणार होते. जुना स्टिरिओ फक्त खरखरायचा. म्हटलं, नवा मोठ्या स्क्रीनचा बसवू, मागे बघायचा कॅमेरा लावू. सासरे गार!

"बाबांना कळलं तर?" अर्चनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"कळावं म्हणूनच करतोय ना!"

क्रोमपेटमधल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये मी सकाळीच कामाला लागलो. आणि खरं सांगतो, सुरेख काम केलं! आधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली. स्टिरिओभोवतीच्या डॅशबोर्डच्या पट्टीच्या कडांना चिकटपट्टी लावली. स्क्रू ड्रायव्हर खुपसून पट्टी उचकटणारे कसाई वेगळे. मी खास प्लास्टिकची पाचर मागवली होती. खालच्या कोपऱ्यातून अलगद सरकवली. टक! एक क्लिप सुटली. टक! दुसरी. अख्खी पट्टी साय निघावी तशी हातात आली. ओरखडा? नावाला नाही! मग स्क्रू काढून जुना स्टिरिओ ओढला आणि कॅमेऱ्याच्या तारेसाठी त्याच्याखालचा कप्पाही काढला. धुतलेलं धोतर अंथरून त्यावर सगळं ओळीनं मांडलं. पट्टी, कप्पा, पाने, पाचर, वाटीत स्क्रू, एका टोकाला जुना स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला नवा. इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढला आणि हात धुऊन इडली खायला वर गेलो.

खाली आलो तर धोतरासकट सगळं गायब!

"चोर!" मी ओरडलो.

"कोण चोर?" आमच्या घरमालकीण राजसाक्का दारात आल्या. ही मंडळी तंजावरची. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेली; त्यांचं मराठी ऐकलं की एखादी बखर कॉफी प्यायला बसल्यासारखी वाटते. "तुझे सगळे म्याच नेले रे कण्णा. किती भक्तीने मांडला होतास! ये, पाह." कण्णा म्हणजे इकडचं 'बाळा'.

पाहिलं. देवघरात माझी पट्टी होती. पट्टीवर चंदन, चंदनावर कुंकू. पान्यांना हळद. आणि नव्या स्टिरिओच्या डोक्यावर शेवंतीचं फूल!

त्या दिवशी खंडेनवमी होती. इकडची आयुधपूजा. मला ठाऊक नव्हतं असं नाही. सुट्टी मिळाली होती ती त्याचीच!

"अक्का, पूजा झाली ना? मग घेऊ का?" मी हात पुढे केला.

"अय्यो! नक्को!" त्या आडव्या आल्या. "आज आयुधास विश्रांती. उद्या विजयादशमीस पुनर्पूजा होईल, मग ने."

"पण आमच्याकडे पूजा झाली की नारळ फोडून लगेच कामाला लागतात!"

"म्हणून तुमची आयुधे थकतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

अर्चनाही त्यांच्याच बाजूची. "देवापुढचं उचलायचं नाही हं! आणि एक विचारू? बॅटरीची तार पुन्हा आवळायला पाना कुठंय?"

पाना देवघरात! म्हणजे स्टिरिओ राहू दे, गाडीसुद्धा सुरू होणार नव्हती. मी कोपऱ्यावरच्या सुंदरच्या गॅरेजकडे पळालो. दाराला केळीचे खांब, आत सगळे पाने टेबलावर चंदन लावून पहुडलेले. सुंदर नव्या लुंगीत उभा.

"सुंदर, एक पाना दे. पाच मिनिटं!"

"इन्नैक्कु तोडक्कूडादु, सार!" म्हणजे आज शिवायचंही नाही. वर त्यानं मोठ्या प्रेमानं माझ्या हातात चुरमुऱ्यांची पुडी ठेवली.

पुढच्या सायकलवाल्याकडे गेलो. पुडी. हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पुडी आणि केळं. सगळ्या चेन्नईतले पाने रजेवर होते आणि माणसं मात्र इतकी गोड की कुणावर चिडताही येईना! मी ओंजळभर चुरमुरे घेऊन घरी आलो आणि पायरीवर बसून रडवेला झालो. सासऱ्यांना घ्यायला त्यांचीच गाडी नाही. घरी येऊन बघावं तर डॅशबोर्डला भगदाड. गाडी सांगलीला परत जाणार, आणि बहुधा माझी अब्रू तिच्या डिकीत!

तेवढ्यात अक्कांचे यजमान, गिरीधरराव, स्वयंपाकघरातून सांडशी घेऊन आले. "स्वयंपाक कोणी बंद ठेवला नाही. म्हणून ही पूजेस नव्हती. हिने होते काय पाह."

झालं! ज्या सांडशीनं सकाळी दुधाचं पातेलं उतरवलं होतं, तिनं तार घट्ट बसली. मी त्या सांडशीला वाकून नमस्कार केला.

आता भगदाड उरलं. आतून तारा लोंबत होत्या. राजसाक्कांनी ते पाहिलं, लगबगीनं आत गेल्या आणि मान हलवणारी एक छोटी तंजावर बाहुली घेऊन आल्या. नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, त्यातून ही उरलेली. तारा मागे सारून त्यांनी बाहुली भगदाडात बसवली, भोवती मोगऱ्याचा गजरा वळवला. "कशास भितोस? पाहुण्यास छानच वाटेल."

तांबरमला सासरे शेजारी बसले, सासूबाई आणि अर्चना मागे. सासऱ्यांनी समोर पाहिलं. बाहुलीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"तंजावरची आहे."

"स्टिरिओ?"

"पूजेला बसलाय." यात खोटं काहीच नव्हतं!

ते बाहुलीकडे निरखून बघत राहिले. तेवढ्यात खड्डा आला आणि बाहुलीनं मान डोलावली.

"रस्ते आमच्याकडचेही असेच," सासरे म्हणाले. बाहुली डोलली. "रामेश्वरात गर्दी फार." बाहुली डोलली. सासऱ्यांनी घसा खाकरला. "एकदा मिरजेच्या नाक्यावर मी उसाचा ट्रक अडवला..."

"बाई गं, तो ट्रक नको!" सासूबाई मागून कळवळल्या.

"तू झोप! ही ऐकतेय."

घर येईपर्यंत ट्रक अडवला गेला, वजन झालं, दंड झाला, ड्रायव्हर पाया पडला. ती गोष्ट प्रथमच शेवटपर्यंत पोचली असावी! पोर्चमध्ये त्यांनी चष्मा लावला आणि भगदाडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चिकटपट्टी लावून काढलीस?"

"हो, बाबा."

"स्क्रू ड्रायव्हर घातला नाहीस?"

"नाही, प्लास्टिकची पाचर."

मागे अर्चनानं दार आपटलं. बाहुलीनं जोरजोरात मान हलवून माझ्या बाजूनं साक्ष दिली.

"हात चांगला आहे तुझा," सासरे म्हणाले. "गाडी ठेव."

लग्नानंतरचं हे माझं पहिलं पासिंग सर्टिफिकेट! माझे डोळे भरून आले. राजसाक्कांचे उपकार कसे फेडावेत तेच कळेना. त्यांनी माझं सामान नेलं नसतं तर सासऱ्यांना मी स्क्रीन दाखवली असती, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नसतं.

दसऱ्याला पुनर्पूजा झाली. अक्कांनी एकेक वस्तू हातात दिली. पट्टीवरचं कुंकू पुसलं, नवा स्टिरिओ चपखल बसवला. टक, टक, टक! ओरखडा नाही, फट नाही. सासऱ्यांना मानानं पुढे बसवून टी. नगरला साड्या घ्यायला निघालो.

"तर त्या ट्रकनंतर..." सासऱ्यांनी सुरुवात केली.

"दोनशे मीटरवर डावीकडे वळा," स्क्रीनमधली बाई म्हणाली.

सासरे थांबले. पुन्हा म्हणाले, "त्या ट्रकनंतर एक टेम्पो..."

"आता डावीकडे वळा!"

"दिनकर," सासरे म्हणाले, "हिला काढ. मान हलवणारी बसव."

बाहुली आता कायमची स्टिरिओच्या जागी आहे. अक्कांनी हसत देऊन टाकली. सासरे आठवड्याला फोन करतात आणि आधी तिची खुशाली विचारतात, मग माझी. पट्टी लावली की तिची मान अडकते, म्हणून पट्टी मऊ फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. आजवर तिच्यावर एकही ओरखडा नाही. हवं तर येऊन बघा!