जादा जावई

“नट आवळला होता की नाही, एवढंच सांगा जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि कप्तानाची टोपी त्या पिळून काढत होत्या.

मागे एक म्हातारं जोडपं चिंब होऊन उभं होतं. सासूबाईंच्या जहाजाचा धंदाच तो होता: लोकांना ताऱ्यांमधून, काळात मागे न्यायचं, त्यांचे जुने दिवस लांबून दाखवायचे आणि सुखरूप परत आणायचं. हे दोघं स्वतःचं लग्न पुन्हा एकदा बघायला निघाले होते. जेवणघराच्या छतातली नळी नेमकी त्यांच्या डोक्यावर फुटली, आणि आजोबांचा नवाकोरा कोट भिजल्या पोत्यासारखा लोंबायला लागला.

“आवळला होता की!” जावई म्हणाला. “पान्याने. चांगला करकचून.”

साफ खोटं. जहाजाचा मिस्त्री तोच. दुपारी त्याने नट हाताने फिरवला, पाना आणायला उठायचा कंटाळा केला आणि तिथेच पाठ टेकली. उठल्यावर वर जाऊन ‘झालं’ म्हणून सांगितलं. या ‘झालं’वाल्यांचं पीक फार. पूल, भिंती आणि संसार वादळाने कमी कोसळतात. न केलेल्या कामाला ‘झालं’ म्हणणाऱ्या तोंडांनी जास्त कोसळतात. आणि ती तोंडं दिसायला नेहमी गरीब गाईसारखी असतात.

सुकाणूवर बसलेली त्याची बायको उठून आली. “आई, तो आवळला म्हणतोय ना? मग आवळलाच असणार. माझा नवरा आळशी असेल, खोटारडा नाही.”

“बरं. पुढच्या तळावर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. नट सैल निघाला तर जावईबापूंनी तिथेच उतरायचं. जावई म्हणून मान देईन, मिस्त्री म्हणून थारा देणार नाही.”

सासूबाईंचं बोलणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बायकोचा विश्वास मात्र तापल्या तव्यासारखा चटका देऊन गेला.

जहाजाच्या पोटात एक छोटी होडी होती. एखादा प्रवासी जुन्या काळात मागे राहिला तर त्याला आणायला. तिला घरगुती कामासाठी हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा सक्त नियम. सगळे अंग पुसत असताना तो खाली सटकला, काटा त्याच दिवसाच्या दुपारवर आणला आणि कळ दाबली.

धाडकन आवाज झाला. होडीच्या जागेवर होडी आधीच उभी होती. दुपारची. याच्या होडीचं नाक चेपलं आणि यंत्र गार पडलं. काळाच्या उरावर स्वार होणाऱ्या माणसाला होडी लावायला जागा आहे का, हे बघायची अक्कल नव्हती.

तो वर जेवणघरात आला, तर नळीखाली तो स्वतःच झोपला होता. तोंड उघडं, सदरा पोटावर चढलेला, घोरणं चालू. हे ध्यान बायकोने कशासाठी पसंत केलं असेल, हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा पडला. त्याने पाना आणला आणि नट जीव खाऊन आवळला. ध्यान हललंसुद्धा नाही.

आता बेत सोपा होता. आपण कोठीच्या खोलीत लपायचं. संध्याकाळी हा होडी घेऊन मागे गेला की बाहेर यायचं आणि त्याच्या जागी उभं राहायचं.

संध्याकाळ झाली. पार्टिशनपलीकडे जेवणघरात ताटं वाजली. नळी फुटली नाही. आजोबांचा कोट कोरडा राहिला. आणि घोंगड्यांच्या ढिगात बसल्या बसल्या याच्या डोक्यात उजेड पडला: गळतीच झाली नाही, तर ती थांबवायला तो मागे जाईल कशाला?

“जावईबापू, आज काम चोख हं!” सासूबाईंचा आवाज आला. “स्वतः शिडीवर चढून पाहिलं मी. नट असा बसलाय की हलता हलत नाही. घ्या, आणखी वाढते.”

“आमचं काम म्हणजे काय, आई!” ताटावर बसलेला तो म्हणाला.

कोठीतल्याच्या अंगाची आग झाली. आवळला याने, आणि चापतोय तो! पण हक्क सांगायचा तर आधी खोटंही कबूल करायला हवं. तो दात खात बसून राहिला.

जेवणानंतर सासूबाई खाली फेरी मारायला गेल्या आणि धापा टाकत परत आल्या. “होडी एक होती. दोन झाल्यात! एकीचं नाक फुटलंय. कोणाचे उद्योग हे, जावईबापू?”

“शप्पथ, मला काही माहीत नाही!”

त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं खरं वाक्य, आणि नेमकं तेच सासूबाईंना पटेना.

“मग काय रात्रीत व्याली ती? तळावर उतरायचं तुम्ही. बास!”

“आई,” बायको म्हणाली, “तो नाही म्हणतोय ना? मग नाहीच. माझा नवरा खोटारडा नाही.”

कोठीचं दार उघडलं आणि घोंगड्यांसकट तो बाहेर कोसळला. “नट मी आवळला!” हेच आधी तोंडून निघालं. मग जीभ अडखळली. “म्हणजे... दुपारी नव्हता आवळला. हाताने फिरवून झोपलो. ‘झालं’ म्हणून सांगितलं. ते यानेच. म्हणजे मीच. होडीही मीच फोडली.”

“कोण हा?” ताटावरचा ओरडला. “आई, तोतया आहे! नट मी आवळला, पान्याने, करकचून!”

आपलं तोंड खोटं बोलताना कसं दिसतं हे त्याने समोर पाहिलं. गरीब, गोल, निष्पाप. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोकडे बघायची हिंमत होईना.

सासूबाई खुर्चीत बसल्या. “एका जावयाचा मान ठेवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. दोन मला झेपायचे नाहीत. पोरी, एक निवड. दुसरा तळावर उतरेल.”

बायको पुढे आली. “ज्याला खरोखर लाज वाटतेय,” ती म्हणाली, “तो राहील.”

याची मान खालीच होती. ताटावरच्याने क्षणात आपलीही घातली. हनुवटी छातीला, डोळ्यांत पाणी, सदऱ्याचं टोक चिमटीत.

“बिचारा गं,” आजी पुटपुटल्या.

बायको एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. तिला फरक कळेना. याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याच्या लाजेत खोट काढायला जागा नव्हती. मग याची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. याच्याही चिमटीत सदऱ्याचं टोक होतं.

याने ते हळूच सोडलं.

“आई,” तो म्हणाला, “तळ किती लांब आहे?”